मुंबईचं घर बंद करून परत निघताना शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत काय काय करायचं

नोव्हेंबरात यायचं आणि मार्च-एप्रिलला परत जायचं, अशी आमच्यासारखी मंडळी आता मुंबईत भरपूर झालीत. पार्ल्यात आमच्या सोसायटीतच बघा, कोणी न्यू जर्सीला, कोणी टोरांटोला, कोणी लेकीकडे लंडनला. तिकडची थंडी चुकवायची, इथली लग्नं-मुंजी, नाटकं, हुरडा सगळं उरकायचं आणि ऊन तापायला लागलं की निघायचं. निघायच्या आधी मात्र सगळ्यांचा जीव बॅगांत अडकलेला असतो, भाजणी किती, मेतकूट किती, वजनकाट्यावर बॅग कितीदा चढवायची. माझं स्पष्ट म्हणणं आहे की बॅगा एका दुपारी भरून होतात, खरा वेळ घराला द्या. कारण तुम्ही कुलूप लावताय मार्चमधल्या कोरड्या खडखडीत घराला, पण ते घर बंद अवस्थेत काढणार आहे अख्खा पावसाळा, आणि तो बघायला तुम्ही इथे नसणार.

मुंबईत पावसाची ठरलेली तारीख ११ जून, २०२५ ला तर तो २६ मेलाच आला. सांताक्रूझला मोसमभरात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता तो आपण कोणी विसरलेलो नाही. त्यामुळे जे काही कराल ते "जुलैत हे कसं दिसेल" असा विचार करून करा, मग आपोआप सगळं सुचत जातं.

सगळ्यात पहिलं काम म्हणजे माणूस ठरवणं. हे शेवटच्या दिवशी नाही करायचं, निदान तीन आठवडे आधी. नुसती किल्ली सांभाळणारा माणूस नकोय, घर उघडणारा माणूस हवाय, हा फरक नीट लक्षात घ्या. शेजारच्या काकू प्रेमाने "ठेव गं किल्ली" म्हणतात, पण त्या पंचाहत्तरीच्या, त्यांनी तुमच्या बाथरूममध्ये वाकून नळ सोडावेत अशी अपेक्षा करणं बरोबर नाही. माझ्या मते सगळ्यात योग्य माणूस म्हणजे ज्या मावशींनी हिवाळाभर तुमच्याकडे काम केलं त्याच, त्यांना घर माहीत असतं, कुठला नळ गळतो, कुठली खिडकी अडकते सगळं ठाऊक असतं. त्यांना दर महिन्याचे पैसे ठरवून द्या, आणि नीट द्या, "येता-जाता बघा जरा" असं फुकटात सांगू नका, त्यांचाही वेळ आहे. पंधरा दिवसांतून एकदा तासभर यायचं, ऊन असेल तर खिडक्या उघडायच्या, पंखे फिरवायचे, प्रत्येक नळ मिनिटभर सोडायचा, फ्लश करायचा, छताचे कोपरे आणि बाहेरच्या भिंती बघायच्या, कपाटं उघडी टाकायची आणि जाताना चार फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे. एवढंच. पण हे एवढं झालं तर नोव्हेंबरात घर उघडल्यावर कुबट वास येत नाही.

दुसरी किल्ली नातेवाईकाकडे ठेवा, पण चालत येऊ शकेल अशा. भाचा डोंबिवलीला असेल तर तो कितीही गुणी असो, ज्या दिवशी तुमच्या घरात पाणी शिरेल त्याच दिवशी लोकल बंद असणार, तो येणार कसा? पार्ल्यातलं घर तर पार्ल्यातलाच माणूस, फार तर अंधेरीचा.

मावशींना सगळं तोंडी सांगून भागत नाही. निघायच्या आधी एकदा त्यांच्या हातानेच सगळं करून घ्या, कुलूप उघडणं, मेन स्विच, पाण्याचा कॉक, लॅचची ती विशिष्ट खुबी. एमसीबीच्या प्रत्येक खटक्याखाली कागदी टेप लावून मराठीत ठसठशीत लिहा, पंखे, फ्रीज, गीझर, आणि कॉकवर "उघडायचा असा" म्हणून बाण काढा.

मग सोसायटी. सेक्रेटरीला ईमेल टाका आणि वॉचमनच्या वहीतही नोंद करा, अमुक तारखेपासून घर बंद, किल्ली कोणाकडे, त्यांचा नंबर काय, तुमचा तिकडचा नंबर काय. हे फार महत्त्वाचं आहे कारण पावसाळ्यात कोणाच्याही छतातून पाणी टपकलं की पहिला संशय वरच्या बंद घरावर येतो. आमच्याच बिल्डिंगमध्ये एका बंद फ्लॅटमधला फ्लश टँकचा पाइप निसटला, खालच्यांच्या हॉलचं पीओपी भिजून खाली आलं, मालक परदेशात, किल्ली कोणाकडे ते कोणालाच माहीत नाही, शेवटी कमिटीला पंचनामा करून कुलूप तोडावं लागलं. सेक्रेटरीला हेही विचारून घ्या की तुम्ही नसताना बाहेरून रंगकाम किंवा वॉटरप्रूफिंग निघणार आहे का. परांच्या बांधल्या की चौथा मजलाही तळमजला होतो, मग खिडक्यांच्या कड्या आतून नीट लागतात की नाही ते आत्ताच बघायला हवं. आणि घर भाड्याने न देता नुसतं कुलूप लावून ठेवलं असेल तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लागत नाहीत, बिलात आले तर शांतपणे विचारा.

आता पाणी. घरात शिरणारा मेन कॉक बंद करायचा, नुसते नळ नाही. जुन्या बिल्डिंगांत स्वयंपाकघराची आणि बाथरूमची लाइन वेगळी असते, दोन-तीन कॉक असतात, कधी कधी एखादा गच्चीवर टाकीपाशी असतो. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक ऐनवेळी फिरत नाही किंवा फिरवल्यावर गळायला लागतो, म्हणून प्लंबरला दोन आठवडे आधीच बोलवा, निघायच्या आदल्या दिवशी नाही. कमोडच्या बाजूचा आणि वॉशिंग मशीनचा अँगल कॉक वेगळा बंद करा. गीझरचं बटण बंद, त्याचा कॉक बंद. आरओ फिल्टरमधलं पाणी पूर्ण काढून टाकी कोरडी करा, साठलेलं पाणी तसंच ठेवून गेलात तर परत आल्यावर तो फिल्टर फेकावाच लागेल.

आणि एक गोष्ट जी बहुतेक लोक विसरतात, नानी ट्रॅप. बाथरूमच्या जाळीखाली जे थोडं पाणी साठलेलं असतं ना, त्याच्यामुळे ड्रेनेजचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. घर बंद राहिलं की एप्रिल-मेच्या उकाड्यात ते पाणी आटतं आणि मग सगळा रस्ता मोकळा. उपाय अगदी सोपा आहे, निघताना प्रत्येक जाळीत तांब्याभर स्वच्छ पाणी ओता आणि वरून दोन-तीन चमचे गोडेतेल टाका, तेल वर तरंगतं त्यामुळे खालचं पाणी लवकर उडत नाही. कमोडमध्येही तसंच, मग झाकण पाडून वर काहीतरी जड ठेवा, तळमजला-पहिला मजला असेल तर उंदीर तिथून वर येतात हे खरं आहे. सिंकची जाळी प्लास्टिकच्या कागदाने झाकून टेप मारा. मावशी पंधरा दिवसांनी पाणी सोडणार असतील तर ट्रॅप भरतातच, पण त्या कधी गावाला गेल्या तर हे तेल उपयोगी पडतं.

खिडक्या. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या पट्टीत बारीक भोकं असतात, पाणी बाहेर जायला, ती धुळीने बुजलेली असतात. काडीने मोकळी करा, बाटलीभर पाणी ओतून बाहेर जातंय ना ते बघा. बाल्कनीचं तोंड मोकळं करा, कुंड्यांतली माती आणि कबुतरांची पिसं तिथेच अडकतात आणि मग बाल्कनीत तळं होऊन पाणी दाराखालून हॉलमध्ये येतं. एसीचा पाइप जातो त्या भोकाभोवतीची फट बुजवा. कबुतरांसाठी जाळी फाटली असेल तर ती शिवून घ्या किंवा बदला, कारण बंद घर त्यांना आठ दिवसांत कळतं, एसीच्या बाहेरच्या युनिटवर घरटं झालं की पुढचे सहा महिने ते तुमचं नाही, त्यांचं.

आतली ओल मात्र पूर्ण थांबवता येत नाही, फक्त तिला बसायला जागा द्यायची नाही. गाद्या भिंतीला लावून उभ्या करू नका, पलंगावरच मधे, भिंतीपासून सुट्या ठेवा म्हणजे सगळीकडून वारा लागेल. बाहेरच्या भिंतीला चिकटलेली कपाटं, पुस्तकांची शेल्फं निदान चार बोटं पुढे ओढा, बुरशी नेहमी त्या मागच्या फटीत सुरू होते. चामड्याच्या चपला, बॅगा, पट्टे पुसून कोरड्या करून कागदात गुंडाळून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या तर पांढऱ्या होऊन निघतात. बाजारात ओल शोषणारे डबे मिळतात, चांगले असतात, पण पावसाळ्यात ते महिना-दीड महिन्यात पाण्याने भरतात आणि मग नुसते पाण्याचे डबे कपाटात बसतात, म्हणून ते ठेवायचे तर मावशींना बदलायला जास्तीचे देऊन जा.

पैठण्या आणि सिल्कच्या साड्यांसाठी मी फार हळवी आहे त्यामुळे हे जरा सविस्तर सांगते. एकदा नेसलेली साडी तशीच घडी करून ठेवायची नाही, घामाचा अंश राहतो आणि तिथेच डाग उमटतो. आधी सावलीत पंख्याखाली पसरून ठेवा, मग जुनी घडी मोडून नवीन ठिकाणी घडी घाला म्हणजे जरीची तार तुटत नाही, आणि जुन्या मऊ सुती धोतराच्या किंवा मलमलच्या कापडात गुंडाळा. डांबराच्या गोळ्या जरीला टेकवायच्या नाहीत, जर काळी पडते, त्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवायच्या. आणि लोखंडी कपाटाच्या तळाला साडी ठेवू नका, खाली आधी जाड कापड घाला.

स्वयंपाकघराचं सोपं आहे, काही ठेवायचंच नाही. दहा दिवस आधीपासून नवीन आणणं बंद, उरलेल्या डाळींची मिश्र आमटी, पिठांची थालीपीठं, फ्रीझरमधले मटार, वाटणं सगळं संपवत यायचं. रवा, बेसन, तांदूळ "हवाबंद डब्यात आहे राहील की" म्हणून ठेवू नका, पोरकिडे आणि जाळी आधीच पिठात असतात, बाहेरून येत नाहीत. जे उरेल ते मावशींना, वॉचमनला द्या, चांगलं असतानाच द्या. राहण्यासारखं म्हणजे मीठ, साखर आणि न उघडलेला चहा, तेही बरणीत.

फ्रीज दोन दिवस आधी बंद करून पूर्ण वितळू द्या, मागच्या ट्रेमधलं पाणीसुद्धा काढा, सोड्याच्या पाण्याने पुसा आणि दार उघडं ठेवा, आपोआप बंद होऊ नये म्हणून मधे जाड टॉवेलची गुंडाळी अडकवा. वॉशिंग मशीनचंही दार उघडंच. महानगर गॅसचा पाइप असेल तर शेगडीमागचा आणि मीटरजवळचा असे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, सिलिंडर असेल तर रेग्युलेटर काढून टोपी लावा. विजेचे सगळे एमसीबी पाडा, कॅमेरा ठेवायचा असेल तर फक्त त्याची आणि राउटरची लाइन चालू. पण कॅमेऱ्यावर फार विसंबू नका, एकदा लाइट जाऊन राउटर अडकला की तो बंद, आणि कॅमेऱ्याला वास येत नाही, ओल दिसत नाही.

पैशांची कामं. मार्चअखेर म्हणजे सुट्ट्यांची रांग, धुळवड, गुढीपाडवा, रामनवमी, महावीर जयंती, गुड फ्रायडे, शिवाय दुसरा-चौथा शनिवार, आणि १ एप्रिलला बँका वार्षिक हिशोबासाठी लोकांना बंद. दागिने लॉकरमध्ये ठेवायचं काम म्हणून शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. जे सोनं अंगावर घालून तिकडे नेणार आहात त्याचं विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, परत येताना ते तुमचंच जुनं आहे हे दाखवायला तोच कागद लागतो, त्यासाठी वेळ हाताशी ठेवा. भारतीय नोटा २५,००० रुपयांपर्यंतच बाहेर नेता येतात.

बिलं ऑटोपेवर टाकली तरी खात्यात पैसे हवेत, शून्य युनिट वापरलं तरी विजेचा फिक्स्ड चार्ज येतच राहतो, आणि कार्ड किंवा यूपीआयवरचा ऑटोपे १५,००० च्या वर गेला की ओटीपी लागतो. तेव्हा इथल्या सिमची सोय बघा. ९० दिवस काहीच वापर नसेल तर नंबर बंद होऊ शकतो, आणि तोच नंबर बँक, आधार, सगळीकडे जोडलेला असतो. रोमिंग इथे असतानाच चालू करून घ्या, तिकडे उतरल्यावर सुरू करायला गेलात तर त्यालाच ओटीपी लागतो आणि तो येत नाही. घरपट्टी, म्हणजे महापालिकेचं बिल, ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून माफ आहे, घर त्याहून मोठं असेल तर तेही यादीत घ्या. आणि एफडीवरचा टीडीएस, म्हणजे व्याजातून आधीच कापला जाणारा कर, वाचवायला १५एचसारखा फॉर्म भरू नका, ती सोय रहिवाशांसाठी आहे, एनआरओ, म्हणजे परदेशस्थांचं इथलं रुपयांतलं खातं असणाऱ्यांसाठी नाही.

दिवस मोजायचं काम पण आत्ताच. भारतीय नागरिक किंवा भारतीय वंशाची व्यक्ती बाहेरून इथे राहायला आली तर टॅक्ससाठी अनिवासी राहायची वर्षातली १८२ दिवसांची मर्यादा आपण सगळे पाठ म्हणतो, पण इथलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर ती १२० दिवसांवर येते, २०२०-२१ पासून. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च म्हणजेच १५१ दिवस झाले, आणि दर हिवाळ्याला येणाऱ्यांचे मागच्या चार वर्षांतले ३६५ दिवस, जी त्या नियमाची दुसरी अट आहे, सहज भरतात, म्हणजे टॅक्सचं स्टेटस बदलू शकतं. फ्लॅटचं भाडं, एफडी, शेअर्स असं सगळं मिळून आकडा मोठा होत असेल तर निघायच्या आधी सीएकडे जाऊन या. आणि अमेरिकेचं ग्रीन कार्ड असलेल्या आईबाबांनी "अजून एक महिना राहू, आंबे खाऊन जाऊ" म्हणण्याआधी सलग सहा महिने ओलांडत नाहीत ना ते पासपोर्टवरच्या शिक्क्यावरून मोजावं, पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ते आड येतं.

आंब्याचा विषय निघालाच आहे तर, ताजा हापूस सामानातून अमेरिकेत नेता येत नाही. भारतीय आंब्याला तिथे २००७ पासून परवानगी आहे पण ती विकिरण करून, तपासून, व्यापारी मालाला. इथेच पोटभर खा, मार्चअखेरीस देवगडची पेटी महाग असते तरी खा. ताजा कढीपत्ताही चालत नाही, आणि आंबेमोहोर किंवा इंद्रायणी तांदळाची पिशवीही नाही, खापरा किड्यामुळे भारतातून सामानात तांदूळ न्यायला तिथे बंदी आहे. सुकं खोबरं बहुतेक एअरलाइन्स घेऊ देत नाहीत, त्यात तेल असतं आणि पेट घेऊ शकतं. चटण्या, भाजणी, मेतकूट, आमसुलं, लोणचं हे ठीक, पण तिथल्या कस्टम्सला खाण्याचं सामान आहे असं खरं सांगा, सांगितलं आणि काढून घेतलं तर फक्त वस्तू जाते, लपवलं तर दंड होतो. लोणचं आणि तूप हातातल्या बॅगेत नको. औषधं मात्र हातातल्याच बॅगेत, मूळ पट्ट्यांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, साधारण ९० दिवसांपुरती.

गाडी असेल तर थोडक्यात, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, हँडब्रेक न लावता गिअरमध्ये टाकून चाकाला वीट लावा, हवा थोडी जास्त भरा, इन्शुरन्स कधी संपतो ते बघा. पाणी तुंबणाऱ्या गल्लीत किंवा बेसमेंटमध्ये ठेवू नका, कोणाच्या तरी उंचावरच्या पार्किंगची आत्ताच विनंती करा.

देवांचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येक घरात वेगळा सुटतो. काहींचे देव नातेवाईकांकडे पूजेला जातात, काही जण तांदळाच्या डब्यात ठेवतात. आमचा बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा नणंदेकडे जातात, आणि ते काम मी निघायच्या दिवशी सकाळची पूजा करूनच करते, त्याआधी नाही. तुळस मात्र चार दिवस आधी शेजारी द्या, म्हणजे नव्या जागेवर तिला ऊन मानवतंय का ते तुम्हाला बघता येईल. समई, निरांजनं घासून पूर्ण कोरडी करून ठेवा, तेलाचा ओशटपणा राहिला की मुंग्या लागतात.

शेवटच्या दिवशी फक्त बंद करायची कामं ठेवा, कोणाला जेवायला बोलावू नका, शॉपिंग नको. सहारहून बहुतेक विमानं मध्यरात्रीनंतरची असतात त्यामुळे संध्याकाळी सातला घर आवरलेलं हवं. कचऱ्याचा डबा रिकामा करून धुऊन उलटा ठेवा. विजेच्या आणि गॅसच्या मीटरचे आकडे दिसतील असे फोटो काढा. मग प्रत्येक खोलीचा, भिंतींच्या कोपऱ्यांसकट, सावकाश व्हिडिओ करा आणि मावशींना, दुसऱ्या किल्लीवाल्यांना पाठवा, जुलैत मावशींनी डागाचा फोटो पाठवला की तो जुना की नवा हे त्यावरूनच कळतं.

आणि एक स्वच्छ चादर, दोन उशांचे अभ्रे, टॉवेल, साबण आणि गादी झटकायचा ब्रश असं सगळं एका झिपच्या पिशवीत बंद करून कपाटात सगळ्यात वर ठेवा आणि ते कुठे आहे ते फोनमध्ये लिहून ठेवा. येतानाचं विमानही रात्री दोनलाच उतरतं, आणि त्या वेळी कपाटं उपसायची ताकद कोणातच नसते.